शेती झोनमधल्या २२ एकरांवर बिझनेस पार्क: झोनबदलाच्या अर्जाआधी रस्ता मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पाच कुटुंबांची मिळून २२ एकर सलग जमीन आहे. ग्रामपंचायत हद्द, मंजूर प्रादेशिक योजनेत (कुठल्या जमिनीचा काय वापर हे ठरवणारा शासनाचा आराखडा) शेती झोन, राज्यमार्गापासून ६०० मीटर आत. तिथे लघुउद्योगांचे गाळे, गोदामं आणि दर्शनी बाजूला दुकानं-ऑफिसं असा पार्क करायचा आहे. एक कंपनी पैसे घालायला तयार आहे. झोन बदलून कसा मिळेल आणि किती दिवस लागतील?

झोन बदलून मिळतो. पण असे बहुतेक प्रस्ताव झोनवर अडकत नाहीत, ते रस्त्यावर आणि सातबाऱ्यावर अडकतात. म्हणून आधी त्याबद्दल.

राज्यमार्गापासून तुमच्या बांधापर्यंतचे ६०० मीटर आज कशाने जोडलेले आहेत? गावनकाशावर तुटक दुहेरी रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. गाडीवाट म्हणजे प्रत्यक्षात पंधरा-वीस फूट, त्यातही दोन्हीकडून नांगर आत आलेला. ४० फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर घोड्यासकट, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीसकट, पंधरा-सोळा मीटर लांब असतो. तो या वाटेवर वळणार नाही आणि समोरून दुसरा आला तर मागेही सरणार नाही. औद्योगिक ले-आउटला १२ मीटरपेक्षा अरुंद पोचरस्ता दाखवून काही साधत नाही. गोदामं असतील तर १८ मीटर धरून चला.

आता हिशेब करा. ६०० मीटर गुणिले १८ मीटर म्हणजे १०,८०० चौरस मीटर, साधारण १०७ गुंठे. पावणेतीन एकराला थोडी कमी. ही जमीन तुमची नाही, मधल्या शेतकऱ्यांची आहे. मध्ये सात गट लागत असतील तर प्रत्येकाकडून सरासरी पंधरा गुंठ्यांची पट्टी. इथे तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं गेलं. म्हणजे जिरायत गटातून पंधरा गुंठ्यांची पट्टी थेट खरेदीखताने घ्यायला गेलात तर दुय्यम निबंधकाकडेच अडचण येऊ शकते. या कायद्यात सवलती आणि दुरुस्त्या होत राहिल्या आहेत, त्यामुळे खरेदीच्या महिन्यात काय लागू आहे हे वकिलाकडून लेखी घ्या. मधला शेतकरी भाव वाढवणार हेही गृहीत धरा. झोनबदलाची बातमी गावात पोचल्यावर तो दुप्पट वाढवतो, म्हणून रस्त्याचे करार झोनच्या अर्जाच्या आधी.

एक चूक फार दिसते. तहसीलदाराकडून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळवायचा आणि तोच पोचरस्ता म्हणून नकाशावर दाखवायचा. कलम १४३ चा रस्ता शेतात जाण्यासाठी आहे: बैलगाडी, ट्रॅक्टर, फार तर उसाची गाडी. त्या आदेशावर औद्योगिक वापराचा हक्क तयार होत नाही. शेजाऱ्याने हरकत घेतली की नगररचनेतला अधिकारी तो कागद बाजूला ठेवतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खालचा आदेशही तसाच, तो अस्तित्वातल्या वाटेवरचा अडथळा काढतो, वाट रुंद करत नाही. लागेल तो रस्ता एकतर विकत घ्या, नाहीतर नोंदणीकृत कायमस्वरूपी वहिवाटीचा हक्क घ्या आणि त्याची नोंद त्या गटाच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात चढवा. तोंडाशी राज्यमार्गाला जोडणी देण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची वेगळी परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्ग असता तर ती केंद्राच्या रस्ते यंत्रणेकडून. तिथे वळणाची मार्गिका, गटाराचा मोरीपूल आणि दृष्टिअंतर बघतात. वळणावर किंवा पुलाच्या उताराला लागून जोड मागितलीत तर नकार ठरलेला.

दुसरं, सातबारा. २२ एकर म्हणजे ८.९० हेक्टर. हा आकडा सातबाऱ्यांची बेरीज आहे की मोजणीचा? दोन्हींत फरक निघतोच. पोटखराब (लागवडीला अयोग्य जमीन) अ आणि ब वेगळं करा. पोटखराब ब मध्ये नाला, रस्ता, स्मशान अशी सार्वजनिक जमीन येते, ती तुमच्या पार्कात धरता येत नाही. भूमी अभिलेखाकडून सगळ्या गटांची एकत्र हद्दकायम मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. अर्ज दाखल केल्यावर मोजणी केली आणि क्षेत्र कमी निघालं, तर प्रस्तावाचा नकाशा बदलतो आणि फाइल मागे फिरते.

भोगवटादाराच्या रकान्यात वर्ग १ (विक्रीवर शासनाचं बंधन नसलेली जमीन) आहे का ते बघा. वर्ग २ असेल तर कारण शोधा: कूळकायद्याने मिळालेली, वतनाची, शासनाने वाटप केलेली, की पुनर्वसनाची. कूळकायदा कलम ४३ ची जमीन असेल आणि ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला) दहा वर्षं उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या ४० पट रक्कम भरून विक्रीची वाट २०१४ पासून मोकळी झाली आहे. बाकीच्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, आणि तिथे शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय एक पाऊल टाकू नका. देवस्थान इनाम वर्ग ३ निघालं तर तो गट नकाशातून काढा आणि त्याच्याभोवतीनं आखणी करा.

मग फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी. १९५० च्या आसपासपासून सगळे काढून ओळीने वाचा. एकत्रीकरणात गट बदलले असतील तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा ताळमेळ लावून घ्या. पाच कुटुंबं म्हणता, पण सह्या किती जणांच्या लागतील? वारसनोंदीत बहिणींची नावं वगळली गेली असतील तर २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर त्या समान हिस्सेदार आहेत, आणि सुनावणीत सगळ्यात जोरात हरकत त्यांचीच येते. इतर हक्कात जुनं कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीचा पाण्याचा हिस्सा, पुनर्वसनासाठीचा शेरा, खासगी वनाची नोंद यातलं काय आहे ते बघा. खासगी वन ही सर्वात वाईट नोंद. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्यात गेलेली जमीन सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्या नावाने चाळीस वर्षं तशीच दिसत राहिली, अशी उदाहरणं कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला भरपूर आहेत.

एवढं झालं की झोनकडे या. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भागनकाशा घ्या. दाखल्यावर फक्त 'शेती' एवढंच वाचून थांबू नका. भागनकाशावर प्रस्तावित रस्ता, नदीची निळी आणि लाल पूररेषा, उच्चदाब वाहिनी, गॅसची नळवाहिनी, कालव्याचं लाभक्षेत्र, संरक्षण खात्याच्या डेपोभोवतीची मनाई हे सगळं एकावर एक ठेवून बघा. निळ्या रेषेच्या आतला भाग बांधकामाला गेला असं समजा. लाभक्षेत्रातल्या जमिनीला जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो म्हणून पहिल्या दिवशी अर्ज टाका.

यानंतरचा प्रश्न फार कमी लोक विचारतात: झोनबदल लागतो तरी का? बृहन्मुंबई, एमआयडीसी क्षेत्रं आणि काही वगळलेले भाग सोडून राज्याला २ डिसेंबर २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती झोनमध्येही काही वापर अटींवर चालतात: शेतमालाची साठवण आणि प्रक्रिया, माहिती तंत्रज्ञान उद्योग, आणखी काही. लॉजिस्टिक पार्कसाठी वेगळी तरतूद आहे. तुमच्या प्रकल्पाचा मोठा भाग गोदामांचा असेल, तर ती तरतूद तुमच्या जमिनीला बसते का हे नगररचनेच्या माणसाकडून आधी तपासून घ्या. बसली तर वर्ष-दोन वर्षं वाचतात. पण गाळ्यांत यंत्रकाम, पावडर कोटिंग, प्लास्टिक मोल्डिंग येणार असेल आणि समोर दुकानं विकायची असतील, तर झोन बदलून घेणंच बरं. सवलतीच्या तरतुदीत बसवलेला प्रकल्प पुढे वापर बदलताना गळ्याशी येतो.

मागायचा कोणता झोन? अख्ख्या २२ एकरांना वाणिज्य झोन मागू नका. ग्रामीण भागात एवढा वाणिज्य झोन कशासाठी, याचं उत्तर देता येत नाही, आणि अधिमूल्याचा (झोनबदलासाठी शासनाला भरायच्या रकमेचा) बोजाही वाढतो. औद्योगिक झोन मागा. त्यात पूरक उपाहारगृह, बँक, काही दुकानं, ऑफिसं नियमावलीच्या मर्यादेत येतात. स्वतंत्र दुकानांची ओळ हवीच असेल तर फक्त रस्त्यालगतच्या पट्ट्याला वाणिज्य मागा आणि दोन्हींची हद्द मोजणीच्या खुणांवर बांधा, अंदाजाच्या रेषेवर नको.

कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६. तुमची जमीन प्रादेशिक योजनेत आहे, म्हणून कलम २०. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या विकास योजनेत असती तर कलम ३७. दोन्हींतला व्यवहारातला फरक मोठा आहे. कलम ३७ मध्ये नियोजन प्राधिकरणाने ठराव करून राजपत्रात नोटीस काढायची, एक महिन्यात हरकती-सूचना घ्यायच्या, सुनावणी घेऊन प्रस्ताव शासनाला पाठवायचा आणि शासनाने नगररचना संचालकांचा अभिप्राय घेऊन मंजुरी द्यायची. शिवाय फेरबदल असा हवा की योजनेचं मूळ स्वरूप बदलणार नाही. कलम २० मध्ये निर्णय पहिल्यापासून शासनाच्या, म्हणजे नगर विकास विभागाच्या हातात. अर्ज मंत्रालयात जातो, अभिप्रायासाठी पुण्याच्या संचालक कार्यालयातून विभागीय सहसंचालकांकडे आणि तिथून जिल्ह्याच्या सहायक संचालकांकडे उतरतो. स्थळपाहणी होते, अहवाल त्याच पायऱ्या चढून परत जातो. शासनाला पटलं तर हरकतींची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो, पुन्हा अहवाल, मग मंजुरीची अधिसूचना. महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या हद्दीत असाल तर अभिप्राय त्यांचाही.

कालावधी विचारलात, तर सगळे कागद स्वच्छ असताना दीड ते अडीच वर्षं धरा. वर्षाच्या आत करून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

स्वस्त वाट एकच आहे आणि तिची वेळ आपल्या हातात नसते. तुमच्या भागाची नवीन विकास योजना तयार होत असेल, तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली दिलेल्या मुदतीत सूचना दाखल करा आणि नियोजन समितीपुढे सुनावणीला नकाशा घेऊन उभे राहा. झोन योजनेतच बदलला तर स्वतंत्र फेरबदलाची सगळी पायपीट टळते. मुदत चुकली की दार बंद.

अर्जासोबत काय लावायचं हे सगळ्यांना माहीत असतं: सातबारा, ८-अ, फेरफार, 'क' प्रत, गावनकाशा, गुगल प्रतिमेवर गटांची आखणी, झोन दाखला, सगळ्या खातेदारांची संमतीपत्रं, कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत. जे लावलं जात नाही ते म्हणजे समर्थन टिपणी. 'रोजगारनिर्मिती होईल' या एका ओळीवर कुणी झोन बदलत नाही. टिपणीत हे यावं: दोन-तीन किलोमीटरच्या आत औद्योगिक झोन किंवा एमआयडीसी आहे का, असेल तर तिथे जागा का पुरत नाही, जमीन जिरायत की बारमाही बागायत, वीज कुठल्या उपकेंद्रातून, किती मेगावॅट, महावितरणचं व्यवहार्यतेचं पत्र, पाणी कुठून आणि दिवसाला किती, सांडपाणी कुठे, रोज किती अवजड वाहनं, आणि गावठाणाच्या बाजूला किती रुंद हिरवा पट्टा सोडणार. एकट्या बेटासारख्या गटाला झोन देणं अधिकाऱ्यांना नको असतं. शेजारी आधीच कारखाने किंवा मंजूर अकृषिक जमीन असेल तर ते गट नकाशावर रंगवून दाखवा.

बेटाची ही भीती पोकळ नाही. गोव्यात प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) चा आधार घेऊन सुट्या तुकड्यांचे झोन बदलले गेले. त्यासाठीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. कायदा वेगळा, राज्य वेगळं, पण सुट्या तुकड्याचा झोनबदल कोर्टात कसा वाचला जातो हे त्यातून कळतं. तुमच्या फाइलमध्ये सार्वजनिक हिताचं कारण आणि हरकतींवरचा तर्कशुद्ध निर्णय दिसला पाहिजे.

हरकतींना घाबरू नका, पण तोंडी उत्तर देऊ नका. प्रत्येक हरकतीला क्रमांक द्या आणि समोर लेखी उत्तर, शक्य तिथे नकाशा. 'नाला बुजवणार' या हरकतीला नाल्याचा मोजणी नकाशा आणि दोन्ही बाजूंची सोडलेली जागा. 'विहिरी आटणार' याला पाण्याचा स्रोत आणि कूपनलिका न घेण्याची लेखी हमी, आणि ती हमी पाळायची तयारी असेल तरच द्या, कारण मंजुरीत ती अट म्हणून उतरते.

मंजुरी बहुधा अधिमूल्याच्या अटीवर येते. ते रेडीरेकनरच्या (शासनाचा जमिनीच्या दरांचा तक्ता) दराच्या टक्केवारीत असतं. टक्का काय यापेक्षा दर कुठला लावणार याने आकडा जास्त हलतो: गटाचा शेतीचा दर की विकसित जमिनीचा, कुठल्या वर्षाचा तक्ता. अर्जाआधी दोन्हींचा हिशेब मांडून कंपनीला दाखवा. अधिसूचनेतल्या बाकीच्या अटीही शब्दशः वाचा. पोचरस्ता किती मीटर, कोणत्या मुदतीत विकास, पायाभूत सुविधा कुणाच्या खर्चाने हे तिथे लिहिलेलं असतं.

आता कंपनीचं. कंपनी शेतकरी नसेल तर कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे तिला आज ही जमीन थेट विकत घेता येत नाही. कलम ६३-१अ औद्योगिक वापरासाठी सूट देतं, पण जमीन औद्योगिक झोनमध्ये किंवा तो वापर चालेल अशा शेती झोनमध्ये असावी लागते. म्हणजे खरेदी झोननंतर. १० हेक्टरच्या वर विकास आयुक्त (उद्योग) यांची पूर्वपरवानगी लागते. तुमचं ८.९० आहे, तुम्ही खाली आहात. पण रस्त्याचे १.०८ हेक्टर कंपनीच्याच नावावर घेतलेत तर बेरीज ९.९८ होते. मोजणीत चार-पाच गुंठे जास्त निघाले तर हद्द ओलांडलीत. खरेदीनंतर पाच वर्षांत औद्योगिक वापर सुरू करायचा असतो, पुढच्या मुदतवाढीला दंडासारखं शुल्क आहे.

तोपर्यंत साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करा, नोंदणीकृत. त्यात मुदत 'अठरा महिने' अशी लिहू नका, 'मंजुरीची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून इतके दिवस' अशी लिहा, आणि बाहेरची एक शेवटची तारीख ठेवा. ताबा देऊ नका. ताब्यासह साठेखताला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं, आणि ताबा गेलेला शेतकरी झोन नामंजूर झाल्यावर कोर्टात फिरत राहतो.

२२ एकरातून विकायला किती उरेल? आराखड्याच्या आधीचा ढोबळ अंदाज असा: खुली जागा १० टक्के म्हणजे ०.८९ हेक्टर, आतले रस्ते १८ टक्के धरून १.६०, आणि नाला, विजेचं उपकेंद्र, सांडपाणी प्रक्रिया, ट्रक उभे करायची जागा मिळून ८ टक्के म्हणजे ०.७१. उरले ५.७० हेक्टर, चौदा एकर. कुटुंबांतलं वाटप २२ एकरांवर ठरवून मग भांडणं होतात. चौदावर ठरवा. ट्रक उभे करायची जागा कापून गाळे वाढवण्याचा मोह होतो, आणि मग सहा महिन्यांत पोचरस्त्यावर ट्रकांची रांग लागते.

झोननंतरचं पटकन सांगतो. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरवर जात असेल तर राज्य प्राधिकरणाकडून पर्यावरण मंजुरी. औद्योगिक शेडना सूट आहे हे जुनं ऐकीव धरू नका, २०२५ च्या अधिसूचनेतली ती सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. कारखान्यांना त्यांच्या वर्गवारीप्रमाणे प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती, अग्निशमनाचा दाखला. अकृषिक आकारणीची पद्धत अलीकडे बरीच सुटसुटीत होत चालली आहे, म्हणून शेजाऱ्याने मागे काय केलं ते न विचारता अर्जाच्या तारखेचा नियम बघा. गाळे किंवा गोदामं विकणार असाल तर महारेरा नोंदणीआधी एक रुपयाही बुकिंग घेऊ नका, 'झोनबदल प्रस्तावित' असा फलक लावूनही नाही.

आणि ले-आउट, बांधकाम परवानगी सक्षम नियोजन प्राधिकरणाचीच. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. भिवंडीच्या आसपास गोदामांच्या रांगाच्या रांगा अनधिकृत ठरल्या. तिथल्या मालकांना पुढे कर्ज, विमा आणि अग्निशमन दाखला या तिन्ही ठिकाणी बांधकाम परवानगीचाच कागद मागितला जातो.

या आठवड्यात करायचं काम एवढंच: गावनकाशाची प्रमाणित प्रत काढा, ६०० मीटरच्या पट्टीत कोणकोणते गट येतात ते लिहा आणि त्या गटांचे सातबारे काढा. तुमचे स्वतःचे नंतर.